पुढचं चाक किती इंची?

हजीऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ सुरत, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर करत ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत जातो. आमच्यासारखी कितीतरी खान्देशी कुटुंबं याच वाटेनं, नाहीतर भुसावळ-सुरत गाडीनं इकडे सुरतेला आली. कोणी उधन्यात मागावर लागलं, कोणी लिंबायतीत खोली घेतली, आणि थोडी पार तापीच्या मुखाशी, हजीऱ्याच्या कारखान्यांपर्यंत पोचली. माझे मामा अमळनेरचे. मोरा गावच्या रस्त्याला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मी याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात देखभाल विभागात इंजिनिअर आहे.

पाळी सुटायच्या वेळी इथला रस्ता पाहावा. पोलादाची गुंडाळी लादलेले ट्रेलर, गॅसचे टँकर, कंटेनर, आणि त्यांच्या कडेकडेनं मोरा, डामका, सुवालीकडे निघालेल्या कामगारांच्या सायकली. बहुतेक सगळ्या एकाच घडणीच्या. काळा डबलबार, २८ इंची चाकं, मागं लोखंडी कॅरिअर. ही सायकल मला मनापासून आवडते. पण ती ज्या कामाला काढली त्याच कामाला चांगली आहे, आणि आपण तिला हवं ते काम सांगत सुटलो आहोत, असंही मला वाटतं.

मामांशी माझा वाद चालू आहे तो यावरूनच. मोऱ्यातल्या एका खानावळवाल्या ताईंना कामगारांच्या खोल्यांवर चाळीसेक डबे पोचवायला सायकल हवी आहे. भरलेला डबा सव्वा किलोचा धरला तर पन्नास किलोचं ओझं झालं. मामा म्हणतात डबलबारच घ्या, मागचं कॅरिअर रुंद करून देतो. मी म्हणते मागचं चाक आहे तसं राहू दे, पुढचं २० इंची करा, आणि ओझं पुढे, खाली, सांगाड्याला पक्क्या बसवलेल्या जाळीत ठेवा. आमचं बोलणं मांडते आहे. जिथे थांबून चार शब्द जास्त सांगावेसे वाटले तिथे सांगितले आहेत.

मामा : सायकलीची दोन चाकं सारखी असतात, पोरी. एक लहान एक मोठं हे सर्कशीत शोभतं.

मी : मामा, आजच्या सायकलीची आजी म्हणावी ती इंग्लंडातल्या जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर. १८८५ ची. तिचं पुढचं चाक ३६ इंची होतं आणि मागचं ३०. तिच्याआधीच्या सायकलींचं पुढचं चाक तर माणसाच्या छातीला लागायचं. पायडल थेट पुढच्या आसाला असायचं, मग एका फेरीत जास्त अंतर कापायचं तर चाकच मोठं करावं लागे. माणूस एवढ्या उंचावर बसायचा की खड्डा आला की तोंडघशी. ते टळावं म्हणून अमेरिकेत १८८० च्या सुमारास ‘स्टार’ नावाची सायकल निघाली. तिनं लहान चाक पुढे आणलं आणि मोठं मागे नेलं.

मामा : आणि मग सारखी केली ती काय वेड्यांनी केली?

मी : नाही, चांगल्या कारणानं केली. चेन आली तेव्हा चाक मोठं असण्याची गरज संपली. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला, त्यामुळे आटोपशीर चाकसुद्धा धक्के सोसू लागलं. मग कारखानदारांना दिसलं, दोन्ही चाकं एका मापाची केली की रिम एक, टायर एक, ट्यूब एक.

मामा : तेच मी कधीचं सांगतोय. ट्यूब एक. रात्री नऊ वाजता दुसऱ्या पाळीच्या माणसाचं पंक्चर होतं ना, तेव्हा तुझी १८८५ ची आजी येत नाही. अठ्ठावीस दीडची ट्यूब येते.

या बोलण्याचं वजन मी कमी लेखत नाही. दुकानाच्या फळीवर काय आहे यावर सायकल रस्त्यावर राहते की भिंतीला टेकते हे ठरतं. मामांच्या दुकानात ट्यूबा तीनचार मापांच्याच असतात आणि त्यांत अठ्ठावीस दीडचा ढीग सगळ्यांत मोठा. परदेशी मासिकातली देखणी सायकल इथे आणून द्या, पहिल्या खिळ्याला ती थांबेल.

बोलता बोलता त्यांचं काम चालू होतं. सायकल उलटी करून एका चाकाचा आऊट काढत होते. चाकाला एक गरका द्यायचा, चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दांड्याला हात टेकवून खडूचं टोक रिमजवळ धरायचं, जिथे रिम बाहेर येते तिथे खडू लागतो. ज्या तारेपाशी खूण उठली तिच्या समोरच्या बाजूची तार पाव आटा कसायची, लगतची तेवढीच सैल करायची. मग बोटानं तारा छेडत जायचं. सैल तार ठसक्यानं वाजत नाही, मामांचा कान तिथे अडतो. फिरत फिरत खडूची रेघ तुटक होते, मग ठिपके, मग तेही नाहीत.

मी : मामा, या चाकाला तारा किती?

मामा : पुढच्याला ३२. मागच्याला ४०.

मी : का?

मामा : मागं भार जास्त म्हणून. माणूस मागं बसतो, गोणी मागं येते.

मी : म्हणजे तुमची सारखी चाकंसुद्धा सारखी नाहीत. व्यास एक आहे, पण भार बघून तारा वेगळ्या केल्यात. मी एवढंच म्हणते, भार बघून व्यासही वेगळा करू.

मामा : तारा वाढवल्या म्हणून ट्यूब बदलत नाही.

इथे मामा हसले नाहीत, मीही नाही. मुद्दा दोघांचा खरा होता.

मामा : मुंबईचे डबेवाले बघ. १८९० पासूनची परंपरा. खेड, मावळ, जुन्नरची माणसं. कॅरिअरला डबे, हँडलला डबे, साधी सायकल. त्यांना कोणी लहान चाक दिलं नाही.

मी : त्यांचा लांबचा पल्ला लोकल गाडीनं जातो. सायकल स्टेशनापासून कचेरीपर्यंत. तेवढ्यातही हँडलला टांगलेल्या ओझ्याचं काय होतं ते तुम्ही जाणता. हँडल वळवलं की ओझंही वळतं, आणि परत सरळ करताना ते हात ओढतं. मागं लादलं तर पुढचं चाक हलकं होतं, उड्डाणपुलाच्या चढावर हँडल हातात असून नसल्यासारखं.

मामा : हे खरंय. पाण्याचे जार नेणारी पोरं तशीच पडतात.

मी : इंग्लंडात बेकरीवाले, वाणी, खाटीक घरोघर माल पोचवायला एक सायकल वापरायचे. पुढचं चाक लहान, मागचं मोठं. लहान चाकामुळे वर जी जागा मोकळी होते तिथे मोठी टोपली. आणि ती टोपली हँडलला नाही, सांगाड्याला जोडलेली. पोऱ्यानं हँडल फिरवलं तरी ओझं जागचं हलत नाही, खाली फक्त चाक वळतं. डेन्मार्कमध्ये तर १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘लाँग जॉन’ आहे. तिच्यात पुढचं लहान चाक आणखी पुढे नेलंय आणि ओझं दोन चाकांच्या मध्ये, जवळजवळ जमिनीलगत. आजही कोपनहेगनमध्ये त्याच धर्तीच्या नव्या सायकली मिळतात. पुढं २० इंची, मागं २६.

मामा : मागचंही लहान का नाही केलं मग?

हा प्रश्न मला हवाच होता, कारण विषम चाकांचं सगळं शहाणपण त्यात आहे. मागचं चाक रेटा देतं. मामांच्या डबलबारला पुढची चकती समजा ४४ दात्यांची आणि फ्रीव्हील १८ दात्यांचं असेल, तर पायडलच्या एका फेरीत २८ इंची चाक साधारण साडेपाच मीटर पुढे जातं. तिथेच २० इंची चाक घातलं तर चार मीटरसुद्धा नीट जात नाही. पाय तेवढेच मारायचे आणि अंतर तीस टक्के कमी. मग चकती बदला, चेन बदला, सगळंच बदला. पुढच्या चाकाला हा हिशोब लागू नाही. ते फक्त भार घेतं आणि दिशा देतं. म्हणून लहान करायचं तर पुढचं, आणि मागच्याला हातही लावायचा नाही. फ्रीव्हील तेच, चेन तीच, बॉटमची कटोरी तीच.

मामा : बरं. आता माझं ऐक. लहान चाक खड्ड्यात बसतं.

मी : बसतं.

मामा : आणि दगडावर चढत नाही.

मी : चढतं, पण रेटा जास्त लागतो. हिशोब करून सांगते. पुढच्या चाकावर ६० किलो भार आहे आणि समोर पाच सेंटीमीटरची उभी कड आली. तुमचं २८ इंची चाक तिच्यावर चढायला आडवा रेटा लागतो ३६ किलोचा. २० इंचीला ४४ किलोचा. १६ इंचीला ५१ चा.

मामा : म्हणजे मी बरोबर.

मी : १६ च्या बाबतीत पूर्ण बरोबर. म्हणून मी १६ म्हणत नाही, २० म्हणते. आणि हिशोब कडक चाकाचा आहे. २० इंचीला सव्वादोन इंच जाडीचा टायर बसतो, तो दबतो, थोडी कड गिळतो.

मामा : दबला टायर जड चालतो.

मामांनी नकळत जिथे बोट ठेवलं, तिथेच इंग्लंडातल्या एका मोठ्या कंपनीचं चुकलं होतं. अ‍ॅलेक्स मोल्टन हा रबराचा जाणकार. मिनी मोटारीचं रबरी सस्पेन्शन त्यानं केलं. १९५६ च्या सुएझ पेचात ब्रिटनमध्ये पेट्रोल टंचाई झाली तेव्हा तो सायकलीकडे वळला आणि मूळ प्रश्नालाच त्यानं हात घातला, चाक एवढं मोठं हवंच का. १९६२ मध्ये त्याची १६ इंची चाकांची सायकल बाजारात आली. लहान चाकाचे दोन दोष त्यानं वेगवेगळे सोडवले. लहान चाक रस्त्यावर जास्त दबतं, म्हणून टायर अरुंद आणि खूप हवा भरलेला. आता धक्के बसणार, म्हणून पुढे-मागे रबरी सस्पेन्शन. त्याच वर्षी डिसेंबरात जॉन वुडबर्ननं याच सायकलीवर कार्डिफ ते लंडन अंतराचा विक्रम मोडला. पुढे १९८६ मध्ये जिम ग्लोव्हरनं आवरण चढवलेल्या मोल्टनवर, नेहमीसारखं बसून, ताशी ८२ किलोमीटरच्या वर वेग गाठला. लहान चाक हळू चालतं या समजाला एवढं उत्तर पुरे.

ती मोठी कंपनी म्हणजे रॅले. तिनं मोल्टनची कल्पना आधी नाकारली होती. त्याची सायकल खपायला लागल्यावर १९६५ मध्ये तिनं आपली १६ इंची सायकल काढली. सस्पेन्शनचा खर्च वाचवायला टायर जाड केला, हवा कमी ठेवली. बसायला मऊ, चालवायला जड. लहान चाकांना पुढे जे नाव ठेवलं गेलं त्यात या सायकलीचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. दोन वर्षांनी रॅलेनं मोल्टनचा सायकलधंदाच विकत घेतला.

मी : मामा, टायर जाड ठेवू पण हवा भरपूर भरू. आणि पुढचं चाक जड चाललं तरी खानावळीपासून खोल्यांपर्यंत जायचंय, भुसावळला नाही.

मामा : रस्ता बघितलास का? कारखान्यांकडचा एक तुकडा झाला गुळगुळीत, त्यावरून जगाचा अंदाज बांधू नको.

मामा म्हणत होते तो तुकडा साधा नाही. २०२२ मध्ये हजीऱ्यात पोलाद भट्टीच्या स्लॅगपासून देशातला पहिला रस्ता झाला. एक किलोमीटर, सहा पदरी. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेनं त्याची रचना केली. खडीच्या जागी प्रक्रिया केलेला स्लॅग, आणि जाडी नेहमीच्या रस्त्यापेक्षा तीस टक्के कमी. अवजड वाहनं दिवसरात्र त्यावरून जातात. अशा रस्त्यावर २० इंची काय, १६ इंची चाकही सुखानं चालेल. पण डबे त्या रस्त्यानं जात नाहीत. ते गावाच्या आतल्या गल्लीतून, गटाराच्या ढाप्यांवरून आणि घराघरासमोर ज्यानं त्यानं घातलेल्या बंपवरून जातात. रस्ते ट्रेलरसाठी सुधारतात आणि सायकलवाल्याच्या वाट्याला उरलेली कड येते, हे मला रोज दिसतं आणि रोज खटकतं. लहान चाकाला विरोध करणाऱ्या माणसाचा खरा राग बहुतेक वेळा या कडेवर असतो.

मामा : पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडशांचं सायकलींचं संग्रहालय आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातली बीएसए कंपनीची घडीची सायकल आहे. पॅराशूटनं उडी मारणाऱ्या सैनिकाची. बघ, जिथे जागा सगळ्यांत कमी, तिथेही घडी दांड्यात घातली, चाकं मोठीच ठेवली. उतरल्यावर शेतातून जायचं होतं ना.

मी : अगदी बरोबर. त्यांनी कामाकडे बघून चाक ठरवलं. माझं म्हणणं तेच आहे.

मामा : आणि ती फॅशनची? पुढे लहान, मागे मोठं, हँडल कानापर्यंत?

मी : रॅलेची चॉपर. १९७० मध्ये ब्रिटनमध्ये आली. पुढे १६, मागे २०. लाखो पोरांनी घेतली, रॅले तिच्यावर तगली. पण ती मोटारसायकलीसारखी दिसावी म्हणून तशी केली होती. जड होती, वेगात थरथरायची. तिची बाजू मी घेणार नाही. चाकं विषम करण्यामागे काम नसेल, नुसतं रूप असेल, तर चालवणाऱ्यालाच ते भोगावं लागतं.

मामा : शर्यतीवाल्यांनी तर बंदी घातली म्हणतात.

मी : हो. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकी संघाच्या सायकलींचं पुढचं चाक २४ इंची होतं. पुढे वाकून वारा चुकवायचा, आणि सांघिक शर्यतीत पुढच्याच्या मागे जास्त चिकटून राहायचं. चाक लहान तेवढं अंतर कमी. पुढे जागतिक सायकल संघटनेनं नियमच केला, सायकल म्हणजे समान व्यासाची दोन चाकं. शर्यत यंत्रानं नाही, माणसानं जिंकावी म्हणून. डब्यांची वाहतूक त्यांच्या नियमात येत नाही.

इथपर्यंत वाद बरोबरीत होता. खरी अडचण मामांनी यानंतर काढली, आणि ती पुस्तकातली नव्हती.

मामा : माझ्याकडे एकानं आणली होती अशी. मोठ्या सायकलीच्या चिमट्यात पोराचं चाक अडकवलेलं. मी चक्कर मारली. हँडल हातात राहीना. सरळच चालेना. का, सांग.

मी खडू घेतला आणि टायरच्या खोक्यावर आकृती काढली. २८ इंचीच्या जागी २० इंची चाक घातलं की पुढचा आस दहा सेंटीमीटर खाली येतो. दोन आसांतलं अंतर सव्वा मीटरच्या आत, म्हणजे सगळी सायकल पाचेक अंशांनी पुढे झुकते. हँडलची नळी ६८ अंशांवर कललेली असेल ती ७३ वर जाते. आता त्या नळीची रेघ जमिनीपर्यंत वाढवा. चांगल्या सायकलीत ती रेघ चाक जिथे टेकतं त्याच्या थोडी पुढे जमिनीला लागते. चिमट्याचा बाक, म्हणजे आस त्या रेघेच्या जेवढा पुढे असतो ते माप, साडेसात सेंटीमीटर धरला तर डबलबारला रेघ आणि टेकण्याची जागा यांतलं अंतर सहा सेंटीमीटरच्या वर येतं. या अंतरामुळे चाक आपोआप सरळ व्हायला बघतं. पोराचं चाक घातलेल्या त्या सायकलीत हेच अंतर जवळजवळ शून्यावर आलं होतं.

मामा : म्हणजे बाक जास्त झाला.

मी : हो. लहान चाकाला बाक कमी लागतो. साडेसातच्या जागी साडेतीन ठेवला, आणि हँडलची नळी खाली वाढवून सायकल परत मूळच्या कलावर आणली, की हे अंतर पुन्हा साडेसहाच्या आसपास येतं.

एक गोष्ट मी मामांना सांगितली, ती इथेही नोंदवते. सायकल तोल का धरते याचं उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही. २०११ मध्ये अमेरिकेतलं कॉर्नेल आणि नेदरलँड्समधलं डेल्फ्ट अशा दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एका सायकलीची माहिती दिली. तिची चाकं तळहातात मावतील एवढी होती, चाकांच्या फिरण्याचा परिणाम पुसायला उलट फिरणारी चाकं जोडली होती, आणि मी वर सांगितलेलं अंतरही उलट्या बाजूला होतं. तरी ढकलून दिल्यावर ती माणसाशिवाय तोल सावरत गेली. मोठं चाक फिरतं म्हणून सायकल उभी राहते, हा सर्वत्र शिकवला जाणारा खुलासा त्यामुळे अपुरा ठरला. वजन कुठे बसवलं आहे यालाही तितकंच महत्त्व आहे.

मामा : चिमटा कोण करणार? पोराच्या सायकलीचा चिमटा पन्नास किलोत मोडेल. आणि वेल्डिंग मारलंस तर वेल्डिंगच्या शेजारी तुटेल.

मी : शेजारीच तुटेल, खरं आहे. तिथे उष्णतेनं पोलाद बदलतं. आमच्या कारखान्यातल्या नळ्यांना पण हेच होतं. म्हणून पातळ नळीवर वेल्डिंग नको. सॉकेट घालून पितळेचं ब्रेझिंग करू, डबलबारचे सांधे असतात तसं. चिमटा जाड नळीचा नवा.

मामा : आणि रॉडब्रेक? दांडी लहान रिमपर्यंत पोचायची नाही.

मी : पुढे वायरचा ब्रेक. मागचा रॉडब्रेक तसाच.

मामांनी मान हलवली नाही, पण खोडूनही काढलं नाही. मग त्यांनी अमळनेरच्या आठवणी काढल्यासारखं करत एक गोष्ट सांगितली आणि माझ्या सबंध म्हणण्याला वेगळं वळण दिलं.

मामा : आपल्या जळगाव जिल्ह्यात शेंदुर्णीला गोपाळ मल्हारी भिसे. त्यांनी सायकलीचं चाक आणि चिमटा घेऊन कोळपं केलं. ज्याच्याकडे बैलजोडी नाही त्यानं हातानं ढकलायचं. कृषिराजा नाव दिलं. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं त्यांचा सन्मान केला. त्यांनी नवं चाक बनवलं नाही, पोरी. भंगारात पडलेलं घेतलं. म्हणून ते गावोगाव गेलं. मोडलं तर दुसरं मिळतं.

मी : मग २० इंची चाक कोणाचं असतं, मामा?

मामा : पोरांच्या सायकलीचं.

मी : भंगारात किती मिळतात?

मामा : मागशील तेवढी. पोरं मोठी होतात.

फळीवरच्या तीनचार मापांत २० इंची जाड ट्यूब होतीच. मामांनी फक्त एक सावधगिरी सांगितली, आणि ती मासिकं वाचून कळत नाही. २० इंची म्हणून दोन वेगळी मापं विकली जातात. जाड टायरच्या रिमचा व्यास ४०६ मिलिमीटर आणि अरुंद टायरच्या रिमचा ४५१. खोक्यावर दोन्हीकडे २० लिहिलेलं. चुकीचा टायर रिमवर कितीही ताणला तरी बसत नाही. १६ इंचीत तर आणखी मापांचा गोंधळ आहे. पोरांच्या सायकलीचं ४०६ चं घ्यायचं, बस.

याच सुमाराला खानावळवाल्या ताई दुकानात आल्या. आमची आकृती त्यांनी पाहिली. चाकाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

ताई : दादा, डबे द्यायला मीच जाणार आहे. पोऱ्या टिकत नाही. साडीत या दांड्यावरून पाय कसा टाकू?

मामा : लेडीज सायकल देतो ना, ताई.

ताई : तिच्यावर मागं ओझं ठेवलं की ती कमरेत लचकते. माझ्या जावेची बघितलीय.

आम्ही दोघं इतका वेळ चाकावर बोलत होतो आणि चालवणारं माणूस दोघांनीही पुरुष धरलं होतं. डबलबार ही धोतर-पँट घालणाऱ्या, उंच टांग टाकणाऱ्या माणसासाठी काढलेली सायकल. बायकांसाठी वरचा दांडा काढून टाकला, आणि त्याबरोबर ताकदही गेली. मोल्टनचं चाक लहान होतं म्हणून त्याला सांगाडा खाली आणता आला. वरचा दांडाच नाही, जाड एकच नळी खालून जाते, घरातल्या बाईनं, पुरुषानं, वाढत्या मुलानं, सगळ्यांनी एकच सायकल वापरावी. लहान चाकाचा हा गुण वेगाच्या विक्रमांपेक्षा मला मोठा वाटतो. हजीऱ्याच्या पट्ट्यात हजारो माणसं एकटी राहून कारखान्यात काम करतात. त्यांना दोन वेळचं जेवण कोणीतरी रांधून पोचवतं आणि त्यांतल्या किती जणी आपल्याच गावाकडच्या बायका आहेत. त्यांच्या मापाची मालवाहू सायकल आपल्या बाजारात नाही. ट्रेलरचे रस्ते सहा पदरी झाले, आणि ही बाई डब्यांच्या पिशव्या दोन हातांत घेऊन पायी जाते. हे चालवून घ्यायची गोष्ट नाही.

मामा : ओझं पुढे ठेवलं आणि सांगाडा खाली घेतला तर खालची नळी दुहेरी लागेल.

हे मामा स्वतः म्हणाले. मी काहीच सुचवलं नव्हतं.

मी : दुहेरी घेऊ. आणि मागचं चाक मोठंच असल्यामुळे ताईंचं डोकं आत्ता इतर सायकलवाल्यांचं असतं तेवढ्याच उंचीवर राहील. ट्रेलरवाल्याला दिसतील.

मामा : ट्रेलरवाल्याला त्याच्या नाकासमोरचं कोणीच दिसत नाही. केबिन केवढी उंच असते. ताई, मोठ्या रस्त्याला जायचं नाही. आतल्या गल्लीनं. हे कबूल असेल तरच मी हात लावतो.

ताई : आतूनच जाते मी.

मामा : पावसाळाभर डबलबार वापरा. हा सांगाडा घाईनं करायचा नाही. चिमटा झाला की आधी मी सिमेंटची गोणी ठेवून या रस्त्यावर चालवणार. बंपवरून. रोज. तारा गंजतात इथे खाऱ्या हवेनं, तेही बघायचंय. लहान चाक जास्त फिरतं, छर्रे लवकर जातात. ग्रीस दर महिन्याला.

मी : बरं.

मामा : आणि तुझ्या आकृतीत स्टँड मागं दाखवलाय.

मी : नेहमीचा आहे.

मामा : पन्नास किलो पुढे. मागच्या स्टँडवर उभी केलीस की पुढचं चाक गर्रकन वळणार आणि सगळे डबे रस्त्यावर. स्टँड पुढे हवा, जाळीच्या खाली. दोन पायांचा, रुंद. ताईंना एका पायानं दाबून उतरवता आला पाहिजे. ते खोड आणि परत काढ.